पौरुषग्रंथी म्हणे!

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून, मोठ्या सुपारीएवढी एक ग्रंथी असते. इंग्रजीत तिला प्रोस्टेट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पुढे उभा असलेला'. दारावरचा पहारेकरी म्हणा हवे तर. संस्कृतचा लळा असलेल्यांनी त्यावरून 'पुरःस्थ ग्रंथी' असा शब्द केला. तो अवघड असेल, पण खोटा नव्हता. आयुर्वेदातील मूत्राघातांच्या वर्णनात 'वाताष्ठीला' येते. अष्ठीला म्हणजे वाटोळा दगड. त्यावरून 'अष्ठीला ग्रंथी' असेही एक नाव झाले. तेही चालण्यासारखे होते. परंतु आपल्या लोकांनी उचलला तो शब्द कोणता? 'पौरुषग्रंथी'! वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांत, दवाखान्यांच्या भिंतींवर, चूर्णांच्या जाहिरातींत, शिबिरांतल्या भाषणांत, जिथे पाहाल तिथे हीच पौरुषग्रंथी. माझा वाद ह्या शब्दाशी आहे, आणि ज्या मनोवृत्तीला तो इतका गोड लागला तिच्याशी आहे.

शाळामास्तराला शब्दांचा कीस पाडण्याची खोडच असते, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. एखाद्या शब्दापायी माणूस दवाखान्याची पायरी चढत नसेल, आणि चढलाच तर वर्षा-दोन वर्षांनी, कंबर धरून, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून चढत असेल, तर तो शब्द निव्वळ व्याकरणाचा विषय उरत नाही.

प्रथम, हा शब्द वस्तुस्थितीला धरून नाही. पुरुषाला पुरुष करणारा जो रस, ज्याने आवाज फुटतो, मिशी येते, अंगात बळ येते, तो मुख्यतः वृषणांत तयार होतो. ह्या ग्रंथीचे काम त्या मानाने बेताचे. वीर्यात मिसळणारा एक द्रव ती पुरवते, एवढेच. ती काढून टाकली म्हणून आवाज चिरका होत नाही की दाढी थांबत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगापायी माझी ही ग्रंथी समूळ काढण्यात आली. माझा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. शेवटच्या बाकावरच्यांना त्याबद्दल विचारावे. जे गेले आणि जे रखडले त्याविषयी पुढे सांगणारच आहे. परंतु 'तुमची पौरुषग्रंथी काढावी लागेल' हे वाक्य ज्याच्या कानावर पडते तो माणूस 'ग्रंथी' हा शब्द ऐकतच नाही. तो 'पौरुष' ऐकतो आणि 'काढावी लागेल' ऐकतो, आणि घरी निघून जातो.

आमच्या मुरबे गावात, आणि खाडीपलीकडे सातपाटीत, ह्या आजाराला नाव नाही. 'लघवीचा त्रास' म्हणतात. त्याहून सभ्य माणूस 'खालचे दुखणे' म्हणतो. रात्री चार वेळा उठावे लागते, धार बारीक होते, थांबून थांबून होते, ह्याला 'वय झाले' असे म्हणतात. पुष्कळदा ते खरेही असते, कारण म्हातारपणी ही ग्रंथी आपोआप वाढते आणि ती वाढ कर्करोगाची नसते. पण ह्या दोहोंतला फरक लक्षणांवरून सांगता येत नाही. आणि खरा कर्करोग सुरुवातीला बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. तो गुपचूप हाडांत उतरतो. त्याला पाठीचा कणा आणि कमरेची हाडे फार आवडतात. आणि कमरेचे दुखणे तर कोळ्याच्या घरात कोनाड्यातल्या देवासारखे पिढीजात असते!

माझे थोरले चुलते तांडेल होते. तांडेल म्हणजे बोटीचा धनी असतोच असे नाही, परंतु समुद्रावर शब्द त्याचाच. जाळे कुठे टाकायचे, वारा फिरला तर केव्हा परतायचे, हे त्याने ठरवायचे आणि खलाशांनी ऐकायचे. ह्या गृहस्थांनी तीस वर्षे दुसऱ्यांच्या जिवाचे निर्णय घेतले. सत्तरीच्या आत-बाहेर असताना त्यांची कंबर दुखू लागली. तेल झाले, लेप झाले, शेक झाला. एकाने मणक्यात गॅप सांगितली, दुसऱ्याने पट्टा दिला. पट्टा बांधून वर्ष काढले. अखेर पायांतली शक्ती जाऊ लागली तेव्हा मुलांनी मुंबईच्या एका रुग्णालयात नेले, आणि तिथे रक्ताच्या एका तपासणीने आणि हाडांच्या चित्राने सगळा उलगडा झाला.

आता नीट ऐका. ह्या अवस्थेत जो उपचार करतात त्यामागचे तत्त्व 1941 साली चार्ल्स हगिन्स ह्या शिकागोच्या शल्यविशारदाने दाखवून दिले. हा कर्करोग पुरुषी रसावर पोसला जातो. तो रस तोडला की रोग आक्रसतो. ह्या शोधाबद्दल त्यांना 1966 साली नोबेल पारितोषिक मिळाले. रस तोडण्याचे दोन मार्ग आहेत. महिन्याने किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन घेत राहायचे, किंवा दोन्ही वृषण एकदाच शस्त्रक्रियेने काढून टाकायचे. परिणाम दोहोंचा सारखाच. पहिला मार्ग महाग, दुसरा स्वस्त. गरीब घरात दुसरा निवडला जातो आणि त्यात वैद्यकीय दृष्ट्या गैर काहीच नाही. चुलत्यांच्या बाबतीत तोच निवडला गेला. त्याने गुणही आला. आठ-दहा दिवसांत वेदना ओसरली, महिन्याभरात ते काठी टेकत खाडीपर्यंत जाऊ लागले, आणि पुढे तीन वर्षे जगले.

फक्त त्यांना कोणी सांगितले नव्हते. 'छोटेसे ऑपरेशन आहे, बाबा' एवढेच सांगितले होते. कागदावर मुलांनी सह्या केल्या. डॉक्टरांनी मुलांना बाजूला घेऊन सांगितले, मुलांनी माना डोलावल्या, आणि ज्याच्या देहाचा तो अवयव होता तो माणूस पलीकडे खाटेवर पडून पंख्याकडे पाहत होता. घरी आल्यावर पहिल्या आंघोळीच्या वेळी त्यांना कळले.

त्यानंतर ते बंदरावर गेले नाहीत. लग्नाकार्याला जाईनासे झाले. ऐन थंडीत त्यांना एकाएकी घाम फुटे, अंगाची लाही होई, सदरा काढून बसावे लागे. हे काय होते आहे तेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. ओळखले ते काकूंनी. 'मला विटाळ जाताना असंच व्हायचं,' असे त्या म्हणाल्या. अख्ख्या रुग्णालयाने जे सांगितले नाही ते एका निरक्षर बाईने चुलीपाशी बसून सांगितले, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते तंतोतंत बरोबर होते. एकीचा स्त्रीरस आटतो, दुसऱ्याचा पुरुषरस आटतो, देह दोघांचाही तसाच पेटतो. मी एकदा चुलत्यांजवळ बसलो असताना ते पाण्याकडे बघत म्हणाले, 'विचारलं असतं तर हो म्हटलं असतं.' ह्यापलीकडे त्यांनी ह्या विषयावर अवाक्षर काढले नाही.

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे उराशी बाळगून आहे. त्यात तक्रार शस्त्रक्रियेची नाही. तक्रार आहे ती न विचारण्याची.

गावात मात्र वेगळीच चर्चा चालली होती. कर्करोग म्हटल्याबरोबर आमच्याकडे बोट उत्तरेकडे वळते. तिकडे तारापूरचे अणुशक्ती केंद्र आहे, 1969 सालापासून चालू असलेले, देशातले पहिले. त्याच्या अलीकडे बोईसरची औद्योगिक वसाहत, जिने 2018 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात देशात पहिला क्रमांक मिळवला. त्या कारखान्यांनी आमच्या खाड्यांचे जे केले आहे त्याचा हिशेब व्हायलाच हवा, आणि मी तो मागणाऱ्यांतला आहे. परंतु ह्या विशिष्ट रोगाची पक्की ठाऊक असलेली कारणे पाहावीत तर ती निराळी निघतात. वाढते वय, आणि बाप किंवा भाऊ ह्याच रोगाने आजारी झालेला असणे. ही कारणे चव्हाट्यावर कोणाला नको असतात. चिमणीकडे बोट दाखवताना लाज वाटत नाही. स्वतःच्या धोतराकडे दाखवताना वाटते. वाढवणच्या आणि मुरब्याच्या बंदराविरुद्ध ज्यांचे आवाज ढगाला भिडतात, त्याच आमच्या मर्दांना डॉक्टरपुढे 'मुतायला त्रास होतो' हे तीन शब्द बोलवत नाहीत. बरोबर बायको असेल तर ती बोलते. नसेल तर 'गॅसेस होतात' असे सांगून गोळ्या घेऊन येतात.

'रोग्याला सांगू नये, तो खचतो' ह्या मताची माणसे माझ्या परिचयात पुष्कळ आहेत, आणि ती दुष्ट नाहीत. आपल्या कुटुंबसंस्थेत हे प्रेमाचे लक्षण मानतात. बापाचा घोर मुलांनी वाहायचा. परंतु ह्या प्रेमाची एक बाजू आपण तपासून पाहत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात न सांगून चालतच नाही, कारण इथे निवड असते, आणि ती निवड रोग्यावाचून दुसऱ्या कोणाला करता येत नाही.

ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाची एक मोठी पाहणी झाली. रोग ग्रंथीबाहेर गेलेला नाही अशा 1643 पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट पाडले. एकाची शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला किरणोपचार दिले, तिसऱ्यावर नुसती नजर ठेवली. पंधरा वर्षांनंतरचा निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत मिळून ह्या रोगाने दगावले ते 100 त 3 हूनही थोडे कमी, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नाही. नजर ठेवलेल्यांत रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते, हे खरे. परंतु जगण्याच्या लांबीत फरक पडला नाही. फरक पडला तो जगण्याच्या रीतीत. शस्त्रक्रियेत लघवी गळण्याचा आणि शिश्नाला ताठरता न येण्याचा धोका जास्त; किरणांत आतड्यांची कुरकुर; नजर ठेवण्यात रोग पसरण्याचा धोका. आता सांगा, ह्या तिहींतून निवड मुलाने करायची? मेव्हण्याने करायची? साठीच्या बापाला बायकोजवळ जाण्याची इच्छा अजून आहे की नाही हे मुलगा कसे ठरवणार, आणि कोणत्या तोंडाने विचारणार? ज्या समाजात 'लिंग' हा शब्द वचन आणि विभक्ती ह्यांच्या मध्ये बसवल्याखेरीज उच्चारता येत नाही, त्या समाजात ही निवड होत नाही. ती परस्पर उरकली जाते.

माझ्या बाबतीत ती उरकली जाण्याच्या बेतात होती. चुलत्यांचे पाहिल्यामुळे मी पंचेचाळिशीनंतर ती रक्ताची तपासणी, पीएसए म्हणतात ती, करून घेत असे. दोन वर्षांपूर्वी आकडा चढला, पुढचे फोटो झाले, सुईने तुकडे काढून तपासले, आणि रोग निघाला. मधल्या प्रतीचा, फार संथ नाही, फार चवताळलेलाही नाही. ज्या डॉक्टरांनी हे सांगितले त्यांनी ते माझ्याकडे न पाहता माझ्या धाकट्या भावाकडे पाहून सांगितले. मी त्याच खोलीत, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. मी विचारले, 'संसाराचे काय?' त्यावर ते हसून म्हणाले, 'मास्तर, मुले झाली आहेत ना? मग काय काळजी?'

हा प्रश्न मी पुढे अनेक रोग्यांच्या तोंडून ऐकला. सगळ्यांना हाच विचारला गेला होता. म्हणजे स्त्रीपुरुषांचा संबंध मुलांसाठी असतो, मुले झाली की दुकान बंद, पाटी उलटी! एकीकडे ग्रंथीला 'पौरुष' म्हणायचे आणि दुसरीकडे त्या पौरुषाविषयी रोग्याने प्रश्न विचारला की त्याला चावट ठरवायचे. दोन्ही एकाच ढोंगाची पोरे आहेत. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर चित्र काढले. ग्रंथीच्या दोन्ही अंगांनी ज्या मज्जातंतूंच्या बारीक जुड्या जातात, त्या कशा राखता येतात हे पॅट्रिक वॉल्श ह्या अमेरिकन शल्यविशारदाने 1982 साली दाखवून दिले. त्यापूर्वी, म्हणजे 1904 सालच्या ह्यू यंग यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेपासून जवळजवळ ऐंशी वर्षे, ग्रंथी काढणे म्हणजे तेही सुख संपणे असेच बहुधा धरले जाई. त्यांनी मला सांगितले की एका बाजूची जुडी राखता येईल, दुसरीची खात्री नाही. मी आणि माझी पत्नी दोघांनी ऐकले, घरी येऊन तीन दिवस विचार केला, आणि शस्त्रक्रिया ठरवली. निर्णय आमचा होता. पुढे जे सोसले ते सुसह्य झाले ते त्यामुळेच, अशी माझी समजूत आहे.

सोसले ते काय, हेही लिहितो. ज्यांना चकलीबरोबर हे वाचवणार नाही त्यांनी पान उलटावे. पुढे कोणाची तरी ग्रामीण कथा असेलच.

पहिले काही दिवस नळी आणि पिशवी. ती निघाल्यावर लघवी राहत नाही. ठिबकत राहते, आणि खोकला, शिंक, हसू, उठणे, वाकणे, ह्यांतल्या कशानेही एकदम येते. मी तीन महिन्यांनी वर्गावर उभा राहिलो. फळ्यावर वरच्या बाजूला लिहिताना काही होत नसे. तळाच्या ओळीला वाकले की होई. म्हणून मी त्या सत्रात फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर शिकवले. मुलांना वाटले सरांची कंबर धरली आहे. पस्तीस मिनिटांचा तास केवढा लांब असतो हे नव्या शिक्षकाला कळते. मला ते विसाव्या वर्षी पुन्हा कळले. एका शिक्षिकाबाईंनी न विचारता माझ्या तासांची अशी मांडणी करून घेतली की दर तासानंतर एक तास रिकामा यावा. बायकांना हे गणित लहानपणापासून येते. कपडे कसे जपावेत, कोणत्या रंगाचे नेसावे, कुठे बसू नये, पिशवीत काय ठेवावे, हे सगळे शास्त्र त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत आयुष्यभर पाळले आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा जो व्यायाम ह्यावर सांगतात तो अरनॉल्ड केगेल यांनी 1948 साली मांडला, आणि तोही बाळंत झालेल्या बायकांसाठी. 'पौरुषग्रंथी' काढलेल्या मर्दाला सावरायला आला तो बायकांचा व्यायाम! तो मी शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी उभ्या उभ्या करत असे. वर्षभरात गळणे जवळजवळ थांबले. आता जोराची शिंक आली तरच.

बोईसरच्या औषधाच्या दुकानात मी लघवीसाठीचे पॅड मागितले, तेव्हा दुकानदाराने आवाज खाली आणून विचारले, 'वहिनींसाठी?' मी माझ्यासाठी म्हटल्यावर त्याने वर्तमानपत्राचे दोन कागद गुंडाळून, त्यावर काळी पिशवी चढवून, तस्करीचा माल द्यावा तसे ते पुडके माझ्या हाती सरकवले. मी तिथेच कागद काढून टाकले. ह्यात शौर्य काही नव्हते. कागदाने पुडके पिशवीत मावत नव्हते.

आणि दुसरी गोष्ट. वर्षभर काहीच झाले नाही. गोळ्यांनी नाही, कशानेच नाही. त्यानंतर थोडे, मग आणखी थोडे. पूर्वीसारखे नाही, आणि होईल असे मला वाटत नाही. परंतु त्या वर्षात आम्ही नवराबायको जितके बोललो तितके आधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो. हे मी पत्नीला विचारूनच लिहितो आहे. 'लिहा की, त्यात काय लपवायचं?' असे ती म्हणाली.

लपवणारे थोर लोक होऊन गेले आहेत. फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ मे 1981 मध्ये निवडून आले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पोचल्याचे निघाले. त्यांनी ते अकरा वर्षे दडवले. मधल्या काळात अध्यक्षांच्या प्रकृतीची जी पत्रके निघत ती खोटी असत, हे 1996 साली त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच डॉक्टरने पुस्तक लिहून उघड केले. ज्याच्या हाती अण्वस्त्रे होती त्याला एका सुपारीएवढ्या ग्रंथीची लाज! उलट नेल्सन मंडेलांचा हा रोग 2001 साली निघाला तेव्हा जगाला तो लगेच कळला. किरणोपचार झाले, आणि ते पुढे बारा वर्षे जगले. मितराँही खूप जगले, हे खरे. लपवल्याने मरण लवकर येते असा माझा दावा नाही. मितराँना लपवायला वैद्यांचा ताफा आणि अख्खे सरकार होते. आमच्या चुलत्यांना एक पट्टा होता.

हा फक्त म्हाताऱ्यांचा रोग, अशीही एक समजूत आहे. उस्ताद राशिद खान ह्याच रोगाने 9 जानेवारी 2024 रोजी गेले. वय 55. ज्यांच्या मैफली आपण पुण्यामुंबईत डोळे मिटून ऐकल्या त्यांच्यावरचे मृत्युलेख मी वाचले. रागांविषयी होते, घराण्याविषयी होते. रोगाचा उल्लेख एका ओळीत उरकला होता.

मृत्युलेखांना तरी का बोल लावावा? आमच्या साहित्याने काय केले आहे? मराठी कथा-कादंबरीत क्षय आला, वेड आले, महारोग आला. कर्करोगही आला, पण तो सिनेमातल्यासारखा, सुंदर, फिकट, खिडकीशी बसून संवाद म्हणणारा. मी कादंबऱ्या लिहितो आणि त्याहून अधिक वाचतो. लघवीची पिशवी पलंगाच्या कडेला अडकवलेला नायक माझ्या वाचनात आलेला नाही. ग्रामीण लेखकांनी शेण, मूत, गोठा सगळे लिहिले, परंतु बैलाचे मूत साहित्यात बसते आणि बापाचे बसत नाही. आणि हे त्या मराठीत, जिच्यात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' चालवले! अवयवांना त्यांच्या नावाने हाक मारली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांची जन्मतिथी साजरी करणारे आज पुष्कळ आहेत. त्यांनी वापरलेले शब्द मात्र आपण पुन्हा कुलुपात घातले आणि वर 'पौरुषग्रंथी'चे रेशमी वस्त्र पांघरले.

वर्तमानपत्रांची आणखी एक सवय मला सोसत नाही. रोगी जगला की 'कर्करोगावर मात', मेला की 'झुंज अपयशी'. माझे चुलते कुठे झुंजले? त्यांना तर लढाई कोणाशी आहे हेच सांगितले नव्हते. आणि मी झुंजलो म्हणाल तर भूल दिल्यावर निजलो होतो.

माझ्या ह्या लिहिण्याचा कोणी असा अर्थ करील, की उठा, सगळ्यांनी रक्त तपासून घ्या. तसे मी म्हणत नाही. त्या तपासणीतही खाचखळगे आहेत. नुसती ग्रंथी वाढली किंवा सुजली तरी आकडा चढतो. आणि जो रोग माणसाला कधीच मारणार नव्हता तोही सापडतो, मग माणूस उगाच कापला जातो. ज्या रिचर्ड अॅब्लिन यांनी 1970 साली ह्या ग्रंथीतले एक प्रतिजन शोधून काढले, त्यांनीच 2010 साली सरसकट तपासणीवर जाहीरपणे कोरडे ओढले. ज्याच्या बापाला, भावाला हा रोग झाला त्याने विचारावे. ज्याला वाटते त्याने विचारावे. आणि डॉक्टरने फायदा-तोटा दोन्ही सांगावे. माझे म्हणणे विचारण्याबद्दलच आहे. जगात 2022 साली ह्या रोगाचे साडेचौदा लाखांहून अधिक नवे रोगी झाले आणि सुमारे 4 लाख माणसे त्याने मेली. 2040 पर्यंत वर्षाकाठी होणारे नवे रोगी दुपटीने वाढून 29 लाखांवर जातील, असा लॅन्सेटच्या आयोगाने 2024 साली अंदाज दिला आहे. ती वाढ मुख्यतः आपल्यासारख्या देशांत व्हायची आहे, जिथे माणसे आता म्हातारी होईपर्यंत जगू लागली आहेत.

विद्येची उणीव म्हणावी तर तीही नाही. परळचे टाटा रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले, हगिन्सनी आपला शोध मांडला त्याच वर्षी. ह्याच रोगावर किरणोपचार नुसत्या ग्रंथीला द्यावेत की आजूबाजूच्या लसीकाग्रंथींनाही, ह्या प्रश्नावर तिथे 224 रोग्यांची पाहणी झाली. जोखीम जास्त असलेल्यांत दुसरी रीत सरस ठरली, आणि 2021 साली प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष जगभर अभ्यासला जातो. हे ज्ञान बोईसरहून शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथे पोचायला डहाणूची लोकल आहे, आणि त्या लोकलला संडास नाही. प्रोस्टेटच्या रोग्याने दोन तास कसे काढायचे? ह्यावर प्रवासी संघटनेच्या निवेदनात एक ओळ घाला म्हणून मी सुचवले. 'ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीसाठी' एवढेच घालू, असे ठरले. सोय कसली ते लिहायचे नाही!

शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाची टोपली आहे, शिक्षिकांच्यातही आहे. असायलाच हवी. पुरुष शिक्षकांच्या स्वच्छतागृहात नाही, त्यामुळे वापरलेले पॅड कागदात गुंडाळून दिवसभर पिशवीत, उत्तरपत्रिकांशेजारी, बाळगावे लागत. माझी गरज आता सरली आहे, पण स्टाफरूममध्ये पन्नाशी ओलांडलेले सहा जण आहेत. म्हणून गेल्या जूनमध्ये मी शाळा समितीकडे टोपलीसाठी लेखी अर्ज केला. 'कारण' ह्या रकान्यात लिहिले: 'प्रोस्टेटच्या आजारात लघवी गळते, त्याची पॅड टाकण्यासाठी.' समितीतले एक सज्जन संध्याकाळी मुद्दाम घरी आले. टोपलीला त्यांची हरकत नव्हती, अडीचशे रुपयांची तर गोष्ट. त्यांनी एवढेच सुचवले की कारणाच्या रकान्यात 'स्वच्छ शाळा उपक्रम' असे लिहून अर्ज नव्याने द्यावा, म्हणजे लगेच मंजूर होईल. मी त्यांना चहा दिला. अर्ज बदललेला नाही.